माझं मत आधीच मोजू नका

मागच्या आठवड्यात मगरिबच्या नमाजनंतर एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. आमच्या यवतमाळ नगरपरिषदेची निवडणूक झाली होती ती २०१६ मध्ये. त्या सभागृहाची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आणि गावात भावी नगरसेवकांची रांग लागली. हे गृहस्थ अशाच एका भावी नगरसेवकाचे कार्यकर्ते. हातात शंभर पानी वही होती. वहीत गल्लीनिहाय घरं, प्रत्येक घरासमोर एक आकडा. आमच्या घरासमोर ‘६’ लिहिलं होतं आणि त्याभोवती लाल पेनने गोल काढला होता.

“हा गोल कशाचा?” मी विचारलं.

“पक्के वोट,” ते म्हणाले. “तुम्हारे घर का क्या पूछना भाई, वो तो अपनेच हैं.”

अब्बा, अम्मी, मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. सहा माणसं, एक गोल. त्यांनी चहा घेतला, पापडाचं कौतुक केलं आणि शेजारच्या घराकडे गेले. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा उमेदवार निवडून आल्यावर काय करणार, हेही सांगितलं नाही. गोल आधीच काढलेला असेल तर सांगायची गरज काय?

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये ही हकिकत मी एका सहकाऱ्याला सांगितली. मी तिथे हिशेब लिहितो, तो काट्यावर असतो. अकरा वर्षांपासून आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खातो. तो हसून म्हणाला, “तुमचं काय बाप्पा, तुमचं त ठरलेलंच रायते. वरून निरोप आला का झालं.”

त्याच्या मनात खोट नव्हती. पण मला रात्री झोप लागली नाही. एक आमच्यातला, एक बाहेरचा. एकाला माझं मत खिशात असल्याची खात्री, दुसऱ्याला ते कुणाच्या तरी खिशात असल्याची खात्री. दोघांनीही मला विचारलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी कुठल्याही पक्षाचा सदस्य नाही, कधी नव्हतो. कुणाचा झेंडा घराला लावलेला नाही. निवडणुकीत अपक्ष उमेदवार असतो, तसा मी अपक्ष मतदार आहे. हे वाक्य आमच्या समाजात बोलायला सोपं नाही. ‘अपक्ष’ म्हटलं की लोकांना वाटतं, याला कुणीतरी फोडला. म्हणून आधी माझ्या मतांचा हिशेब मांडतो. मतदान गुप्त असतं, ते गुप्त ठेवायचा माझा हक्क आहे. पण हिशेबाचा धंदा करणाऱ्या माणसाने स्वतःची वही झाकून दुसऱ्याची तपासू नये.

माझी वही

२००४ मध्ये मी पहिल्यांदा मत दिलं ते पंजाला. का दिलं, याचं उत्तर ‘अब्बा देतात म्हणून’ एवढंच होतं. अब्बांची पिढी वसंतराव नाईकांच्या काळात वाढली. आमच्या जिल्ह्यातला, पुसदचा माणूस १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होता, याचा त्यांना अजून अभिमान आहे. काँग्रेस त्यांच्यासाठी पक्ष कमी आणि घरातली सवय जास्त. २००९ मध्येही मी पंजालाच दिलं.

मधल्या काळात मी जिनिंगमध्ये नोकरीला लागलो आणि कापसाकडे कागदावरून बघायला शिकलो. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ मध्ये देशभर कर्जमाफी झाली. पण पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. आमच्या कोरडवाहू भागात माणसाकडे सात-आठ एकर असतात आणि त्यातून ओलिताच्या दोन एकरांएवढंही हाती येत नाही. असे कितीतरी शेतकरी अटीबाहेर राहिले. त्यांच्यातले काही आमच्या काट्यावर येत. बैलगाडी रिकामी करून पावती घेताना त्यांचा चेहरा बघायला नको वाटे. ‘शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा’ हे नाव तोवर यवतमाळला कायमचं चिकटलं होतं.

मग आला २०१४ चा मार्च. नरेंद्र मोदी २० तारखेला आर्णी तालुक्यातल्या दाभाडीला आले आणि शेतकऱ्यांसोबत ‘चाय पे चर्चा’ केली. त्या निवडणुकीत उत्पादन खर्चावर ५० टक्के नफ्याचं वचन होतं. मी हिशेबनीस माणूस. कापसाचा एकरी खर्च मला पाठ होता, त्यावर ५० टक्के लावून पाहिले आणि मोहात पडलो. आमच्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघात युतीचा उमेदवार शिवसेनेचा होता. १० एप्रिल २०१४ ला मी धनुष्यबाणाचं बटण दाबलं.

अब्बांना हे आजवर सांगितलेलं नाही. माझं लिखाण ते चष्मा पुसून, एकेक ओळ बोटाने धरून वाचतात. म्हणजे त्यांना हे आज कळेल. अब्बा, माफ करा. पण ते मत मी कुणाच्या पैशाने दिलं नव्हतं आणि कुणावर रागावूनही दिलं नव्हतं. काट्यावरच्या त्या चेहऱ्यांसाठी दिलं होतं.

पुढचा हिशेब सरळ आहे. २०१३-१४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,००० रुपये होता. दाभाडीनंतरच्या पहिल्या हंगामात तो ४,०५० झाला. पन्नास टक्के मागितले होते, पन्नास रुपये मिळाले. पुढे २०१८ मध्ये तो एकदम ५,४५० वर गेला. ती वाढ मोठी होती आणि मी तसं तेव्हा बोललोही. वाढ झाली तर झाली म्हणावं. २०२५-२६ साठी ८,११० जाहीर झाला आहे, पण त्याच सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळासाठी काढून टाकलं. नवा कापूस बोंडात असताना बाहेरच्या गाठींना दार उघडलं. हमीभाव कागदावर आणि बाजारभाव काट्यावर, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पण मला हादरवलं ते कापसाने नाही. निकाल लागून महिनाही झाला नव्हता. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरमध्ये मोहसीन शेख या तरुणाला जमावाने मारून टाकलं. तो सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरीला, नमाज पढून खोलीवर परतत होता. फेसबुकवरच्या कुठल्याशा मजकुरावरून शहर पेटलं होतं, त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता. मी त्याच्याहून थोडाच मोठा. मीही दाढी राखतो. त्या रात्री मला वाटलं, दोन महिन्यांपूर्वी मी जे बटण दाबलं त्याचा आवाज तिकडे ऐकू गेला असेल का?

हा विचार पुरता खरा नव्हता, हे नंतर कळलं. कारण तेव्हा राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. पोलीस ‘आपल्या’ सरकारचे होते. खटला पुढे साडेआठ वर्षं रेंगाळला आणि जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे धनुष्यबाणाने मोहसीनला वाचवलं नाही, तसं पंजानेही वाचवलं नाही. तरी ऑक्टोबरच्या विधानसभेला मी मान खाली घालून पंजाकडे परतलो.

२०१९ हे माझं खऱ्या अर्थाने अपक्ष वर्ष. त्या जानेवारीत यवतमाळात मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून मग येऊ नका म्हटलं गेलं. त्यांच्या जागी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. पुढे त्या प्रहारतर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या. मी त्यांना मत दिलं. त्या निवडून येणार नाहीत हे मला माहीत होतं. मोहल्ल्यात मला ऐकून घ्यावं लागलं, “वोट बरबाद किया.”

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा होती. मी दोन्ही बाजूंना कंटाळलो होतो. नोटा दाबलं. यवतमाळची जागा भाजपने काँग्रेसपुढे जेमतेम सव्वादोन हजारांच्या फरकाने जिंकली. निकालाच्या संध्याकाळी जेवताना मी बोलून गेलो की मी नोटा दाबलं. अब्बांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “तेरे जैसे सव्वा दो हजार.” बस, एवढंच. मग आठ-दहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

एका मताने सव्वादोन हजार भरून निघत नाहीत, हे गणित मी त्यांना समजावू शकलो असतो. पण ते गणित प्रत्येक जण स्वतःला समजावतो, म्हणूनच सव्वादोन हजार होतात. आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमगली. नोटाला कितीही मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच. त्याच निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आलं. पुढे काय झालं? काही नाही. नोटा म्हणजे पत्ता न लिहिलेलं पत्र. लिहिणाऱ्याचं मन हलकं होतं, पोचत कुणालाच नाही. त्यानंतर मी नोटा दाबलेलं नाही.

२०२४ मध्ये दोन्ही वेळा मी महाविकास आघाडीला मत दिलं. उत्साहाने नाही, हिशेबाने. लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला, ऐन जुम्म्याच्या दिवशी होतं. अम्मी सकाळी सातलाच रांगेत उभी. आमच्याकडे आघाडीचं चिन्ह होतं मशाल, म्हणजे उद्धव ठाकरेंची शिवसेना. माझी अम्मी १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबईतल्या भावाची खबर मिळावी म्हणून शेजारच्या फोनपाशी रात्ररात्र बसलेली बाई. शिवसेना हे नाव घेतलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. तिने मशाल दाबली. बाहेर येऊन म्हणाली, “या अल्लाह, क्या दिन दिखाया.” ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

मुसलमानांचं मत गठ्ठ्याने पडतं आणि कधी बदलत नाही, असं सांगणाऱ्यांना मी अम्मीचं ते बोट दाखवू इच्छितो. तीस वर्षांची भीती ओलांडून ते मशालीपर्यंत गेलं. शिवसेनेनेही वाट बदलली होती, ती अम्मीने पाहिली आणि आपलं मत बदललं. मतदार याहून वेगळं काय करतो?

मी कशाला मानतो

आता मला काय हवं आहे ते सांगतो. यातलं काही माझ्या समाजाला आवडणार नाही, काही माझ्या सहकाऱ्याला.

मी संविधानाला मानतो. ते फक्त माझ्यावर अन्याय झाल्यावर आठवायचं पुस्तक आहे असं मी मानत नाही. शाहबानो प्रकरणात १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने कायदा करून न्यायालयाचा निकाल बोथट केला, ती चूक होती. एका म्हाताऱ्या तलाकपीडित बाईची पोटगी आणि आमच्या काही पुढाऱ्यांची नाराजी यांत सरकारने पुढारी निवडले. त्याची किंमत आमच्या बायकांनी मोजली आणि त्या एका निर्णयाचं भांडवल विरोधकांनी पुढची कित्येक वर्षं केलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, त्याचं मी स्वागत केलं. २०१९ च्या कायद्याने मात्र त्याला तीन वर्षांच्या तुरुंगाचा गुन्हा केला, त्याला माझा विरोध आहे. जो तलाक झालाच नाही त्यासाठी नवऱ्याला आत टाकायचं आणि बाईने पोटगी मागायची ती कुणाकडे? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा समाजाने त्यांना जी वागणूक दिली त्याची मला लाज वाटते. आणि दलवाईंचं नाव फक्त आम्हाला टोचण्यासाठी घेणाऱ्यांचाही मला कंटाळा येतो.

मी शेतीला मानतो, जरी माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. यवतमाळात कापूस बुडाला की किराणा, कापड, पंक्चरचं दुकान, सगळं बुडतं. आमच्या लोकांचे बहुतेक धंदे तेच. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात आले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते. मी एका ओळखीच्या मजुराला बघायला गेलो होतो. खाटेवर कोण कुठल्या जातीचा, धर्माचा हे कळत नव्हतं, सगळ्यांचे डोळे सारखेच सुजलेले. सरकारी दवाखाना चांगला चालला पाहिजे, ही माझी मुसलमान म्हणून मागणी आहे की यवतमाळकर म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

मी कामाचं श्रेय द्यायला मानतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाची वाट बघत आमची अर्धी पिढी म्हातारी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब टप्पा सुरू झाला. मंजुरी काँग्रेसच्या काळातली, गाडी धावली भाजपच्या काळात. दोघांचंही थोडं थोडं श्रेय. हे बोललो तर एक जण म्हणतो ‘भक्त झाला’, दुसरा म्हणतो ‘चमचाच राहिला’. रेल्वेला काही फरक पडत नाही.

आणि मी समान वागणुकीला मानतो. विशेष लाड नको. पोलीस ठाण्यात गेल्यावर माझी तक्रार लिहून घेतली जावी, माझ्या पोराला नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाऊ नये, मोर्चात दगड उचलणाऱ्या प्रत्येकावर, मग तो कुणाचाही असो, एकच कलम लागावं. एवढंच.

मग कमळाचं बटण अजून का दाबलं नाही, असं माझा सहकारी विचारेल. त्याचं उत्तर मी टाळणार नाही. ज्या पक्षाच्या प्रचारात माझं मत ‘व्होट जिहाद’ ठरतं, ज्याचे नेते ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हणतात आणि त्यातला कापणारा कोण हे श्रोत्यांना न सांगताच कळतं, त्याला मी मत कसं देऊ? मी त्याचा कायमचा शत्रू नाही. उद्या त्याच्या उमेदवाराने माझ्या दारात येऊन नळाच्या पाण्याबद्दल बोलावं, माझ्या धर्माबद्दल गप्प बसावं, मी ऐकेन. दार मी बंद केलेलं नाही. पण आत यायचं तर मला माणूस समजून यावं लागेल.

काट्यावर चढलेला कापूस

इथे एक कबुली द्यायलाच हवी. निवडीची वाटच अशी अरुंद झाली असेल, तर मी अपक्ष कसला? वीस वर्षांत बहुतेक वेळा माझं मत मोहल्ल्याच्याच बाजूला पडलं. मग वहीतला तो गोल चूक आहे का?

याचं उत्तर मला जिनिंगमध्ये मिळालं. शेतकरी कापूस घेऊन येतो, तेव्हा गाडी रस्त्यावर असेपर्यंत त्याला भाव विचारता येतो. मान हलवून पुढच्या जिनिंगला जाता येतं. एकदा गाडी काट्यावर चढली, कापूस खाली झाला, की मग ओलावा जास्त आहे, कवडी आहे, असं म्हणत कितीही कटौती केली तरी तो काय करणार? कापूस चांगला होता की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. तो आधीच खाली झालेला असतो.

आमचं मत हा काट्यावर खाली झालेला कापूस आहे. मताची किंमत म्हणजे पैसे नव्हे. किंमत म्हणजे आमच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर.

याचा दाखला द्यायचा तर पाच टक्के आरक्षणाचा देतो. राज्यातल्या मुस्लिमांच्या मागासलेपणावर महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. १९९९ पासून सत्तेत असलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीने पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला तो जुलै २०१४ मध्ये, विधानसभेला तीन महिने उरले असताना. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नव्हतं. पण नव्या भाजप सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही, तो मरू दिला. मग २०१९ मध्ये महाविकास आघाडी आली. अडीच वर्षं सत्तेत होती. २०२० मध्ये एका मंत्र्याने घोषणा केली, मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की असा प्रस्ताव आपल्याकडे आलाच नाही. विषय संपला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचंही तेच झालं. तो १९९८ चा. युती सरकारने तो नाकारला आणि पुढे अंमलबजावणीचं वचन देऊन आलेल्यांनी पंधरा वर्षांत तो कपाटातून पुरता बाहेर काढला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आम्ही साडेअकरा टक्के. २०२४ च्या लोकसभेला आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागी मुस्लिम उमेदवार दिला नाही. मला उमेदवार मुसलमानच हवा असा हट्ट नाही, मी वैशालीताईंना मत दिलेला माणूस आहे. पण तिकीट न देताही मत मिळणार ही खात्री त्यांना कुठून आली? त्या लाल गोलातून.

म्हणजे एक पक्ष आम्हाला धरून चालतो आणि दुसरा सोडून चालतो. दोघांच्याही गणितात आमच्याशी बोलायचा रकाना नाही.

गवाही एकट्याची असते

२०२४ च्या विधानसभेआधी एका मोठ्या मौलानांनी राज्यभरातल्या उमेदवारांची यादी जाहीर केली, यांना मत द्या म्हणून. आमच्या मशिदीबाहेर लोक ती मोबाइलवर एकमेकांना दाखवत होते. त्यातला आमच्या मतदारसंघाचा उमेदवार मी आधीच ठरवला होता, पण यादी पाहून मला आनंद झाला नाही. ज्यांना आम्हाला गठ्ठा म्हणायचं होतं त्यांना आयताच कागद मिळाला.

उलेमा सांगतात की वोट ही अमानत आहे, गवाही आहे. मला हे पटतं. पण मग त्याचा अर्थही पूर्ण घ्यावा. गवाही माणूस एकटा देतो. जे स्वतः पाहिलं, स्वतः जाणलं, तेच सांगतो. दुसऱ्याने लिहून दिलेली गवाही वाचून दाखवणाऱ्याला काय म्हणतात, हे आपल्याला माहीत आहे. सल्ला जरूर द्या, माहिती द्या, उमेदवाराने पाच वर्षांत काय केलं ते चौकात वाचून दाखवा. यादी नका देऊ.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचं एक पान आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मुसलमानाने मुसलमानालाच निवडायचं, यादीच वेगळी. १९३२ च्या जातीय निवाड्याने ते पुढे चालवलं. काँग्रेसने त्यावर धड होकार ना नकार अशी भूमिका घेतली, तेव्हा वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे हे पंडित मालवीयांसोबत १९३४ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. अण्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. पण पटलं नाही की उठून जाण्याची धमक त्यांच्यात होती. म्हातारपणी, १९६२ मध्ये, ते नागपुरातून लोकसभेवर गेले तेही अपक्ष म्हणून.

संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ संपवले. सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला बेगम ऐजाज रसूल यांनी तर अल्पसंख्याकांच्या राखीव जागांनाही विरोध केला. मग कलम ३२५ आलं. एका मतदारसंघात एकच मतदारयादी, धर्मामुळे कुणी वगळला जाणार नाही. माझं नाव माझ्या सहकाऱ्याच्या यादीत.

कागदावरची वेगळी यादी गेली. पण त्या गृहस्थांच्या वहीत ती अजून आहे. माझ्या सहकाऱ्याच्या डोक्यातही आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्याही डोक्यात आहे, नाही तर ‘वोट बरबाद किया’ हे वाक्य कुणी उच्चारलं नसतं.

म्हणून येत्या निवडणुकीला मी एवढंच करणार आहे. जो येईल त्याला तीन गोष्टी विचारणार. नळाला पाणी किती दिवसांनी येईल? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा टँकरमागे बादल्या घेऊन धावलेलं शहर आहे हे, हा प्रश्न लहान नाही. दुसरं, नगरपरिषदेच्या शाळांचं काय करणार, मराठीही आणि उर्दूही? आणि तिसरं, गावात तणाव झाला तर तुम्ही कुठे उभे असाल, घरात की चौकात? उत्तरं लिहून ठेवणार, तारखेसह. मत दिल्यावर वर्षाने तीच वही घेऊन त्याच्या दारात जाणार. निवडून आलेला माझा असो की नसो.

घरात मात्र माझ्याहून मोठा अपक्ष मतदार आहे, हे सांगायलाच हवं. माझ्या बायकोला लाडकी बहीणचे दीड हजार येतात. नोव्हेंबर २०२४ ला तिने कुणाला मत दिलं, हे मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा चहा घेणार का म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली, “तुम्ही कुणाला दिलं ते मी विचारलं का?”

काल ते गृहस्थ पुन्हा चौकात भेटले. मी त्यांना म्हटलं, “चाचा, आमच्या घरासमोरचा गोल खोडा. सहा राहू द्या, गोल खोडा.”

“क्यों, नाराज हो गए क्या?”

“नाही. अजून ठरलं नाही. सहा जणांना वेगवेगळं विचारा.”

त्यांनी वही उघडली, पान शोधलं. थोडा वेळ पेन हातात धरून बघत राहिले. मग त्या सहासमोर एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. गोल तसाच ठेवला. जाताना विचारलं, “पानी कितने दिन में आता तुम्हारे यहाँ?”